मोटारी गेल्या, त्यांचा रस्ता मागे राहिला

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत सांगतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. साताऱ्याहून आलेले तुमचे चौऱ्याहत्तर वर्षांचे बाबा रोज सकाळी न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये फिरायला जातात. गेल्या आठवड्यात रस्ता ओलांडताना एक सायकल त्यांच्या बाहीला घासून गेली. लागलं नाही, पण तेव्हापासून ते घराबाहेर पडायला कां-कू करतात. पार्कमधून मोटारी बंद केल्या, मग सायकलींना आवर कोण घालणार, आणि आपल्याकडे टाकतात तसे चार स्पीडब्रेकर टाकायला काय हरकत आहे, असं तुम्ही विचारलंय.

मी वाहतूक अभियंता आहे. पहिली अकरा वर्षं पुण्यात रस्ते आणि चौकांची कामं केली, पुढची सतरा वर्षं न्यू जर्सी आणि न्यूयॉर्कमध्ये. या पार्कमध्ये मी चालतो आणि सायकलही चालवतो. उत्तर लांबेल, कारण नुसतं ‘स्पीडब्रेकर नकोत’ म्हटलं तर तुमचं समाधान होणार नाही, आणि होऊही नये.

आधी बाबांविषयी. त्यांना ‘जरा जपून चाला’ असं सांगू नका. त्यांची चूक झालेली नाही. या वयात मान झटकन वळत नाही आणि सायकल येताना आवाज करत नाही. शिवाय, ज्याचं सगळं आयुष्य भारतात गेलं त्याचे डोळे रस्त्याच्या कडेला आल्यावर आपोआप आधी उजवीकडे जातात. सेंट्रल पार्कचा मुख्य रस्ता एकेरी आहे आणि घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतो. म्हणजे पश्चिमेच्या दारातून तुम्ही आत आलात की सायकली डावीकडून येतात. बाबा उजवीकडे बघत होते आणि सायकल डावीकडून आली, असंच झालं असणार. हे त्यांना एकदा समजावून सांगा: पार्कमध्ये शिरताना डावीकडे बघायचं, बाहेर पडताना उजवीकडे. चारही बाजूंच्या कुठल्याही दारातून गेलात तरी हाच नियम लागू पडतो.

आता स्पीडब्रेकर. भारतात रस्तेबांधणीची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शिकेत गोल पाठीच्या गतिरोधकाचं माप दिलेलं आहे: लांबी ३.७ मीटर, उंची १० सेंटिमीटर, पाठीची त्रिज्या १७ मीटर. मुळात हा आकार १९७० च्या दशकात ब्रिटनच्या रस्ते-संशोधन प्रयोगशाळेत ठरला. त्यामागचा विचार फार सुंदर आहे. मोटारीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांत साधारण अडीच मीटरचं अंतर असतं. गतिरोधक त्याहून लांब असल्यामुळे गाडी अख्खीच्या अख्खी त्यावर चढते आणि उतरते. ताशी २५ किलोमीटरच्या आत असाल तर नुसतं डुलल्यासारखं वाटतं, त्याहून जोरात गेलात तर आतला माणूस सीटवरून उडतो. चालकाला शिक्षा त्याच्या वेगाच्या प्रमाणात मिळते, आणि हेच त्या मापाचं सार आहे. आपल्याकडे रातोरात जो जेमतेम अर्धा मीटर लांबीचा डांबराचा उंचवटा बनतो, त्यात हे काहीच उरत नाही. तिथे हळू जाणाऱ्याचेही मणके हलतात.

पण नीट मापात बांधलेला गतिरोधकसुद्धा चार चाकांचा आणि स्प्रिंगांवर बसलेल्या सीटचा हिशेब करून बांधलेला असतो. सायकलीवर तो उलटा पडतो. तीस-चाळीस किलोच्या, जाड टायर आणि शॉकॲब्सॉर्बर असलेल्या विजेच्या सायकलीला त्याचं काहीच वाटत नाही. हिसका बसतो तो साध्या सायकलीवरच्या शाळकरी मुलीला, मागे मूल बसवून चाललेल्या आईला, सांधे दुखणाऱ्या आजोबांना. बाबागाडी आणि व्हीलचेअर तिथे अडते, धावणाऱ्याचा पाय मुरगळतो. आणि वेगात येणारा सायकलवाला काय करतो? पाणी जायला कडेला जी हातभर फट सोडलेली असते, तिथून निसटतो. म्हणजे नेमका चालणाऱ्यांच्या अंगावर जातो.

हे मी पाहिलेलं आहे. महाराष्ट्रातल्या एका शहरात तळ्याकाठच्या रस्त्यावर सकाळी फिरायला येणाऱ्यांनी सायकलींची तक्रार केली, म्हणून रबराचे पट्टे बसवले गेले. आराखड्यावर मीही सही केली होती. महिन्याभरात सायकली पट्टे चुकवून फुटपाथवरून जाऊ लागल्या. पावसाळ्यानंतर रबराचे तुकडे निघाले आणि खाली लोखंडी बोल्ट उघडे पडले. त्यातल्या एका बोल्टला अडखळून पहिली पडली ती चालायला आलेली बाई. तिचं मनगट मोडलं. तेव्हापासून सायकलींचा वेग कमी करायचा असेल तर मी उंचवट्याचा विचार सर्वांत शेवटी करतो.

मग सायकली या पार्कमध्ये इतक्या जोरात का जातात? माझ्या मते त्याचं उत्तर चालवणाऱ्यांच्या स्वभावापेक्षा त्या रस्त्याच्या रुंदीत आणि वळणात आहे.

फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड आणि कॅल्व्हर्ट वॉक्स यांनी १८५८ साली या पार्कचा आराखडा केला. आज ८४३ एकर असलेली जागा आणि तीत एकमेकांत न मिसळणाऱ्या वाटा: बग्ग्यांचा रस्ता वेगळा, घोडेस्वारांचा वेगळा, पायी चालणाऱ्यांचा वेगळा. शहराची मालवाहतूक पार्क ओलांडून जाणार, म्हणून तिच्यासाठी चार आडवे रस्ते जमिनीच्या पातळीखाली खोदून नेले. आजही मोटारी आणि बस त्या चार रस्त्यांनी जातात आणि वरच्या हिरवळीवर बसलेल्याला त्याचा पत्ता नसतो. जिथे पायवाट आणि बग्गीरस्ता एकमेकांना छेदणार, तिथे कमान बांधून पायवाट खालून काढली. आणि बग्ग्यांचा रस्ता मुद्दाम वळणावळणांचा ठेवला, म्हणजे हौशी लोकांनी तिथे घोड्यांच्या शर्यती लावू नयेत. आज आम्ही ज्याला वाहतूक मंदावण्याचे उपाय म्हणतो, ते या दोघांनी मोटार जन्माला येण्याआधी केले होते, एकही उंचवटा न घालता.

सायकलींनाही इथे सहज प्रवेश मिळाला नाही. १८८० च्या दशकात घोडे बुजतात म्हणून त्यांना मज्जाव होता. बरंच भांडण झालं आणि १८८७ मध्ये राज्याने कायदा केला, तेव्हा सायकलींना इतर वाहनांच्या बरोबरीने जागा मिळाली. १८९९ मध्ये पहिल्या मोटारीला परवानगी मिळाली, आणि पुढच्या साठ-सत्तर वर्षांत रस्ता मोटारींच्या मापाने बदलत गेला. डांबर आलं, वळणं सोपी झाली, तीन दिव्यांचे सिग्नल उभे राहिले. ‘द मॉल’ नावाचा एल्म वृक्षांचा जो प्रसिद्ध लांब पायरस्ता आहे, त्याच्या दक्षिण टोकाशी पूर्वी संगमरवरी कमान होती आणि पायी चालणारे तिच्याखालून जात. १९३० च्या दशकात ती पाडली. आज त्याच ठिकाणी हजारो लोक रोज सायकलींच्या समोरून रस्ता ओलांडतात. या एका कमानीची हळहळ मला अजून वाटते.

पुढे वारं फिरलं. १९६० च्या दशकात शनिवार-रविवारी मोटारी बंद ठेवायला सुरुवात झाली, २०१५ मध्ये शहराच्या ७२ व्या क्रमांकाच्या रस्त्याच्या उत्तरेकडचा पार्कमधला भाग कायमचा बंद झाला आणि २७ जून २०१८ पासून मुख्य रस्त्याची संपूर्ण फेरी मोटारमुक्त झाली. मोठा विजय होता तो, मला आजही त्याचा आनंद आहे. पण मोटारी गेल्या तरी त्यांचा रस्ता तसाच राहिला. सुमारे ९.८ किलोमीटरची फेरी, मोटारींसाठी आखलेली रुंदी, मोटारींसाठी सरळ केलेली वळणं, मोटारींसाठी लावलेले सिग्नल. रिकामा, रुंद, गुळगुळीत, एकेरी रस्ता सायकलवाल्याला म्हणत असतो, ‘चल, पळव.’ कडेला ‘ताशी २० मैल’ अशी पाटी असते. माणूस पाटीपेक्षा रस्त्याचं ऐकतो.

ही वेगमर्यादाही एका दुःखद वर्षातून आली. २०१४ मध्ये काही आठवड्यांच्या अंतराने दोन पादचारी सायकलींच्या धडकेने गेले. त्यानंतर मर्यादा ताशी २५ मैलांवरून २० वर, म्हणजे सुमारे ३२ किलोमीटरवर आणली. काही सायकलप्रेमी मित्र म्हणतात की सायकलीने असं होऊन होऊन काय होणार. हिशेब करू. माणूस आणि सायकल मिळून ८५ किलो, वेग ताशी ३२ किलोमीटर. दीड टनाची मोटार, ताशी ४० किलोमीटर. मोटारीची गतिज ऊर्जा सायकलीच्या २७ पटींहून थोडी जास्त भरते. म्हणून मोटारी काढल्या ते योग्यच होतं. पण सत्तावीसावा भागही चौऱ्याहत्तर वर्षांच्या खुब्याला पुरेसा असतो. ‘मोटारीपेक्षा बरं’ हे तुमच्या बाबांना उत्तर होऊ शकत नाही.

आता दुसरा हिशेब, आणि माझ्या दृष्टीने यातच सगळं आहे. ओलांडायचा रस्ता १० मीटर रुंद धरू. वयस्क माणूस सेकंदाला साधारण ०.९ मीटर चालतो, म्हणजे त्याला ११ सेकंद लागतात. ताशी ३२ किलोमीटरने येणारी सायकल तेवढ्यात जवळजवळ १०० मीटर येते. बाबांनी पाऊल टाकलं तेव्हा ती सायकल वळणापलीकडे होती, त्यांना दिसणं शक्यच नव्हतं. आता त्याच रस्त्याच्या मध्ये थांबायला एक बेट, म्हणजे छोटा ओटा ठेवला, दोन्ही बाजूंना साडेतीन मीटरची वाट राहिली, तर एका वेळी चार सेकंदांचंच अंतर ओलांडायचं. सायकल तेवढ्यात ३५ मीटर येते, आणि ३५ मीटरवरची सायकल कोणालाही दिसते. म्हणजे सायकलीचा वेग तोच ठेवूनसुद्धा धोका मोठ्या प्रमाणात कमी झाला. शिवाय वाट अरुंद झाली की वेगही आपसूक उतरतो, तो फायदा वेगळाच.

थांबायला किती अंतर लागतं तेही बघा. ताशी ३२ किलोमीटरच्या वेगात दीड सेकंद भानावर यायला आणि मग ब्रेक दाबून थांबायला मिळून साधारण २९ मीटर लागतात. ताशी २४ किलोमीटरला १९ मीटर. वेग फक्त आठने घटला आणि दहा मीटर वाचले. पार्कमधल्या रस्त्यावर सगळं त्या दहा मीटरमध्येच घडतं.

सिग्नलबद्दल तुम्ही चिडून लिहिलंय की लाल असताना कोणीच थांबत नाही. बरोबर आहे. मोटारी गेल्यानंतर ते सिग्नल कित्येक वर्षं तसेच लागून राहिले. सकाळी साडेपाचला रस्त्यावर चिटपाखरू नसताना एखादा पन्नास सेकंद लाल दिव्यासमोर उभा राहतो. तिसऱ्या दिवशी तो थांबायचं सोडतो. दहाव्या दिवशी कोणी ओलांडत असलं तरी त्याला ते लाल दिसत नाही, कारण त्या दिव्याचा माणसाशी काही संबंध नाही हे त्याच्या अंगवळणी पडलेलं असतं. जो नियम दिवसातून दहा वेळा खोटा ठरतो तो अकराव्या वेळी खरा असला तरी कोणी मानत नाही. म्हणून अलीकडे त्या जुन्या सिग्नलांच्या जागी लुकलुकणारे पिवळे दिवे येऊ लागले: हळू व्हा, कोणी असेल तर त्याला आधी जाऊ द्या. मी याच्या बाजूने आहे, पण एक अट घालून. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी बटण दाबल्यावर पक्का लाल होणारा आणि आवाज देणारा सिग्नल गर्दीच्या ठिकाणी हवाच. ‘सायकलवाला बघून थांबेल’ हा भरवसा आंध‍ळ्या माणसाने कशाच्या जोरावर ठेवायचा? या बाबतीत आमच्या व्यवसायातले लोक घाई करतात, हे मी स्पष्ट सांगतो.

माझ्या हातात असतं तर काय केलं असतं? सगळ्यात आधी गर्दीच्या ओलांडण्याच्या जागा निवडल्या असत्या: ७२ व्या रस्त्याचा परिसर, पश्चिमेला टॅव्हर्न ऑन द ग्रीन या रेस्टॉरंटजवळ, पूर्वेला ९० व्या रस्त्याचं इंजिनिअर्स गेट, जिथे धावणाऱ्यांचे थवे जमतात. तिथे मध्ये बेट, दोन्ही बाजूंना वाट अरुंद, आणि ओलांडायचा पट्टा फुटपाथच्या पातळीला उचललेला. उंचवटा नको म्हणतो आणि हे काय, असं तुम्ही विचाराल. फरक चढाच्या उताराचा आहे. पट्ट्याकडे जाणारा चढ दीड-दोन मीटर लांब आणि लाटेसारखा हळूच सुरू होऊन हळूच संपणारा असेल तर सायकलीला हिसका बसत नाही, पण डोळ्यांना दिसतं की इथून पुढची जमीन चालणाऱ्यांची आहे. व्हीलचेअर सरळ सपाट पार होते. अग्निशमनाच्या गाडीला इथे साधारण सहा मीटर मोकळी जागा लागते, म्हणून बेटाच्या कडा चाक चढेल अशा उतरत्या ठेवायच्या. रुग्णवाहिका अडेल ही भीती दर सभेत निघते आणि ती रास्त आहे. आधीच उत्तर तयार ठेवलं तर योजना तेवढ्यावरून बारगळत नाही.

उरलेल्या रस्त्यावर वेगाप्रमाणे वाटण्या: चालणारे, धावणारे, सावकाश चालणारी चाकं आणि जोरात जाणारी चाकं. ‘सायकल’ हा एकच गट धरणं मला चुकीचं वाटतं. भाड्याची सायकल घेऊन फोटो काढत चाललेलं कुटुंब आणि घोळक्याने सराव करणारा क्लब, यांच्यातलं अंतर चालणारा आणि सायकलवाला यांच्यातल्या अंतराहून कमी नाही. क्लबचे लोक बहुतेक पहाटेच येतात. ती वेळ त्यांना मोकळेपणाने द्यावी, आणि आठनंतर घोळक्याने पळवणं बंद करावं. त्यांच्याशी बसून बोललं तर हे ठरतं, माझा तसा अनुभव आहे.

विजेच्या सायकलींवरून तर इथे सध्या मोठा वाद चालला आहे. पार्कमध्ये त्यांना २०२३ मध्ये प्रायोगिक परवानगी मिळाली. २०२५ च्या ऑगस्टमध्ये पार्कची देखभाल करणाऱ्या सेंट्रल पार्क कॉन्झर्व्हन्सीने त्यांच्यावर बंदी मागितली, आणि ऑक्टोबरमध्ये शहरभर विजेच्या सायकलींना ताशी १५ मैलांची, म्हणजे २४ किलोमीटरची मर्यादा लागू झाली. त्याच वर्षी भाड्याच्या ‘सिटी बाइक’च्या विजेच्या सायकली मोटरमध्येच १५ मैलांवर बांधल्या गेल्या. मला यातला शेवटचा उपाय सगळ्यात आवडतो. मोटरमध्ये बांधलेला वेग पोलिसाशिवाय, पाटीशिवाय, दिवसरात्र पाळला जातो. सरसकट बंदीला माझा विरोध आहे. उत्तरेकडचा हार्लेम हिलचा चढ साठी उलटलेल्या किती माणसांना या मोटरमुळेच चढता येतो ते मी पाहतो. आणि जेवण पोचवणारी पोरं? त्यांना पार्कमधून हाकललं तर ती ट्रकच्या शेजारी जातील. त्यांना पार्कमध्ये यावंसंच वाटू नये अशी वाट बाहेर हवी. सेंट्रल पार्क वेस्टवर उत्तरेकडे जाणारा आणि कोलंबस ॲव्हेन्यूवर दक्षिणेकडे जाणारा संरक्षित सायकलमार्ग आहे, त्याने पश्चिमेला थोडा भार हलका झाला. पूर्वेला तसे मार्ग फर्स्ट आणि सेकंड ॲव्हेन्यूवर, म्हणजे पार्कपासून बरेच लांब आहेत. मग माणूस पार्कमधून जातो, दुसरं काय करणार?

हे सगळं व्हायला वर्षं लागतील आणि बाबांना उद्या सकाळी फिरायला जायचंय. तर त्यांच्यासाठी एक वाट सांगतो, कारण ओल्मस्टेड आणि वॉक्स यांच्या बहुतेक कमानी अजून उभ्या आहेत आणि त्यांच्याखालून आजही जाता येतं.

पार्कच्या नैऋत्य कोपऱ्यावरच्या कोलंबस सर्कलजवळून आत शिरा. ६१ आणि ६२ व्या रस्त्यांच्या दरम्यान ग्रेशॉट आर्च आहे, तिच्याखालून गेलात की मुख्य रस्ता डोक्यावरून जातो. पुढे मेरी-गो-राउंडच्या बाजूने प्लेमेट्स आर्चखालून पलीकडे निघा. मग मॉलच्या दक्षिण टोकाशी, जिथली कमान पाडली तिथे, एकदाच रस्ता ओलांडावा लागेल. तिथे आठनंतर जा आणि तुम्ही त्यांचा हात धरा. मॉलच्या झाडांखालून सरळ गेलं की बेथेस्डा टेरेसच्या पायऱ्या लागतात. त्या उतरून खालच्या दालनातून कारंज्यापाशी निघायचं, ७२ व्या रस्त्याची सगळी रहदारी वर राहते. तळ्याच्या कडेने पूर्वेला चाललात की ट्रेफॉइल आर्च, आणि तिच्यापलीकडे छोटं तळं, ज्यात उन्हाळ्यात खेळण्यातल्या शिडाच्या होड्या सोडतात. तिथे भरपूर बाक आहेत. तिथून फिफ्थ ॲव्हेन्यू हाकेच्या अंतरावर आहे आणि बाहेर पडताना मुख्य रस्ता पुन्हा लागत नाही. पायऱ्या त्यांना जमत नसतील तर कळवा, दुसरी वाट आखून देतो.